कडेवरचं मूल

खालापूर तालुक्यातलं महड बाहेरच्यांना ठाऊक असतं ते वरदविनायकामुळे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरून खोपोलीच्या अलीकडे आत वळलं की अष्टविनायकांपैकी हे देऊळ लागतं. (चवदार तळ्याचं महाड वेगळं, ते रायगड जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला.) १८ जून २०१८ रोजी या गावात एका घराची वास्तुशांत होती. पंगती उठल्या आणि काही वेळातच जेवलेल्यांना उलट्या सुरू झाल्या, पोटात कळा येऊ लागल्या. खोपोलीपासून पनवेल-नवी मुंबईपर्यंत, मिळेल त्या रुग्णालयात माणसं पोचवली गेली. ऐंशीहून अधिक जण आजारी पडले. पाच जण दगावले आणि त्यांत चार लहान मुलं होती.

सुरुवातीला सगळ्यांनी बांधलेला अंदाज साधा होता. पावसाळ्याचं तोंड, दमट हवा, मोठा स्वयंपाक. काहीतरी नासलं असणार. अशा वेळी बोट आधी आचाऱ्याकडे जातं, मग पाण्याकडे, मग भांड्यांकडे. जेवणात कीटकनाशक असल्याचं दिसल्यावर तपासाची दिशा फिरली आणि काही दिवसांत पोलिसांनी नात्यातल्याच एका विवाहित तरुणीला अटक केली. वरणात तिनं औषध कालवलं, असा आरोप. लग्नानंतर आपल्याला रंगावरून आणि स्वयंपाकावरून सतत हिणवलं गेलं, त्याचा हा सूड, असं तिनं सांगितल्याची माहिती पोलिसांनी पत्रकारांना दिली.

ही शेवटची ओळ खालापुरातून निघून जगभर गेली. परदेशी वृत्तसंस्थांनी ती उचलली, आणि बहुतेक मथळ्यांत मुलं मागे पडून सावळा रंग पुढे आला. आता हे वाक्य नेमकं कुठून आलं ते पाहावं. पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचं पंचविसावं कलम तेच सांगत होतं आणि आजच्या नव्या कायद्यानंही ते कायम ठेवलं आहे. म्हणजे कोर्टाला जे वाक्य कानाआड करावं लागतं, नेमकं तेच वर्तमानपत्रांची मुख्य बातमी झालं. खुनाचा हेतू पोलिसांनी सांगितला, बातमीदारांनी तो पोचवला आणि वाचकांनी आपापल्या घरातल्या सुनांकडे, नणंदांकडे पाहत त्यावर चर्चा केली. कोणी म्हणालं, बिचारी. कोणी म्हणालं, हडळ. या दोन शब्दांच्या मधलं काही फारसं ऐकू आलं नाही.

हे प्रकरण इथे घेतलं ते घराजवळचं म्हणून. एरवी ते या पुस्तकाच्या विषयात काटेकोरपणे बसत नाही. गुन्हेशास्त्रात एका झटक्यात अनेकांचा जीव घेणं वेगळं आणि मध्ये काळ जाऊ देऊन, पुन्हा पुन्हा, निरनिराळ्या प्रसंगी खून करणं वेगळं. अमेरिकेच्या एफबीआयनं २००५ मध्ये तज्ज्ञांची बैठक बोलावली, तेव्हा दुसऱ्या प्रकाराची सोपी व्याख्या ठरली: वेगवेगळ्या घटनांत दोन किंवा जास्त बळी. मराठीत आपण त्याला ‘मालिका खून’ म्हणतो. बातम्यांमध्ये मात्र ‘सीरियल किलर’ हाच शब्द रुळला आहे. महडच्या घटनेत मालिका नाही. पण स्त्री आरोपी झाली की तिची गोष्ट कशी सांगितली जाते, याचा नमुना तिथे आहे. मालिकेसाठी आपल्याला घाट चढून पुण्यामार्गे कोल्हापूरला जावं लागेल.

अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे आणि सीमा गावित. १९९० ते १९९६ या सहा वर्षांत या तिघींनी कोल्हापूर, पुणे, नाशिक आणि इतर शहरांतून मुलं पळवली. मराठी वर्तमानपत्रांत हे प्रकरण ‘बालहत्याकांड’ या एका शब्दात ओळखलं जातं. तेरा अपहरणं आणि त्यांतल्या किमान नऊ मुलांचे खून असा आरोप होता. मुंबई उच्च न्यायालयात अखेर पाच खुनांची शिक्षा टिकली.

त्यांचा मूळ धंदा पाकीटमारी आणि दागिने उडवणं. जत्रा, देवळं, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन, जिथे गर्दी तिथे त्या. मुलं पळवण्याची कल्पना कशी सुचली, याची हकिगत सरकारी पक्षानं मांडली ती अशी: पुण्यात एका देवळात रेणुका चोरी करताना सापडली. तिच्याबरोबर तिचं स्वतःचं तान्हं मूल होतं. तिनं गळा काढला, लेकुरवाळी बाई चोरी कशाला करेल म्हणून गर्दी विरघळली आणि ती सुटली. त्या दिवशी या कुटुंबाला एक गोष्ट कळली. कडेवर मूल असलेल्या बाईवर कोणी संशय घेत नाही, आणि घेतलाच तर मूल रडलं की संशय घेणाराच ओशाळतो. पण स्वतःचं मूल रोज असं वापरणं धोक्याचं. मग दुसऱ्यांची.

पहिलं मूल कोल्हापुरातल्या एका भिकारणीचं होतं. चोरी अंगाशी आली तेव्हा जमावाचं लक्ष उडवण्यासाठी त्याला जमिनीवर आपटण्यात आलं आणि पुढे ते जखमी, रडकं मूल जड झालं म्हणून संपवण्यात आलं. नंतरची प्रकरणं याच वळणाची आहेत. मूल लहान असेपर्यंत, गप्प असेपर्यंत, कडेवर मावेपर्यंत उपयोगी. रडू लागलं, आजारी पडलं, ओळखू लागलं की ओझं. निकालपत्रातला हा भाग सलग वाचवत नाही. तपशील मी इथे देत नाही. वाहिन्यांनी ते इतक्यांदा आणि इतक्या संगीतासह दिले आहेत की माझी भर नको.

मला त्यातली एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. आई म्हटल्यावर आपल्या मनात जे उभं राहतं, तेच या तिघींचं हत्यार होतं. आणि पकडल्या गेल्यावर सगळा समाज ज्या एका मुद्द्यावर हादरला, तोही हाच: बाई असून, आई असून! जी समजूत सहा वर्षं त्यांना आडोसा देत होती, तीच नंतर त्यांना ठोकायला वापरली गेली. त्या समजुतीला कोणी प्रश्न विचारला नाही. गर्दीनं त्या दिवशी देवळात रेणुकाची झडती का घेतली नाही, हा प्रश्न त्या गर्दीतल्या कोणाला पडल्याचं ऐकिवात नाही.

त्या सापडल्या ते पोलिसांनी मालिका ओळखली म्हणून नाही. अंजनाबाईचा पूर्वीचा नवरा तिला सोडून गेला होता आणि त्यानं दुसरं लग्न केलं होतं. त्या घरातली थोरली मुलगी १९९५ मध्ये नाहीशी झाली. पुढच्या वर्षी धाकटीवरही डोळा असल्याचा संशय आला, मुलींच्या आईनं तक्रार केली आणि १९९६ च्या अखेरीस मायलेकी हाती लागल्या. म्हणजे सहा वर्षांत तक्रार तडीला गेली ती नात्यातल्या भांडणाची. त्याआधीची बहुतेक मुलं भिकाऱ्यांची, झोपडपट्टीतली, फुटपाथवरची. ज्यांच्या आईबापांना ठाण्यात खुर्ची मिळत नाही, त्यांची.

अंजनाबाई खटला उभा राहण्याआधीच, डिसेंबर १९९७ मध्ये, कैदेत वारली. रेणुकाचा नवरा या टोळीबरोबर फिरत होता. तो माफीचा साक्षीदार झाला आणि सुटला. कायद्याच्या दृष्टीनं हे रीतसरच. थेट पुरावा जवळपास नसलेल्या खटल्यात आतला माणूस फोडल्याशिवाय काही सिद्ध झालं नसतं. पण गोष्टीच्या दृष्टीनं पाहा: एक पुरुष या गोष्टीतून उठून बाहेर चालता झाला आणि कथा ‘मायलेकीं’ची झाली. २०१९ मध्ये या प्रकरणावर ‘पोशम पा’ नावाचा हिंदी चित्रपट आला, त्यात माही गिलनं आईची भूमिका केली. तिथेही मध्यभागी आहे ते आई आणि मुली यांचं नातं. तो माणूस कुणाच्या फारसा लक्षात नाही.

आकड्यांचंही असंच. पाच खून सिद्ध, नऊ आरोपपत्रात. पण इंटरनेटवर शोधलं तर चाळीसहून अधिक मुलं मारल्याचं सहज सापडतं. बाईच्या क्रौर्याचे आकडे फुगतात, ही खोड जुनी आहे. हंगेरीची सरदारीण एलिझाबेथ बाथोरी घ्या. १६१० मध्ये तिला पकडलं, तिच्या नोकरांना पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला देहदंड झाला, तिच्यावर स्वतःवर खटला चाललाच नाही. ती आपल्या किल्ल्यात कोंडलेल्या अवस्थेत १६१४ मध्ये मेली. तिच्या नावावर साडेसहाशे मुली घातल्या जातात. हा आकडा एका साक्षीदार बाईच्या ऐकीव जबानीतला. कोणीतरी एका वहीत तो पाहिला म्हणे. आणि तारुण्य टिकवण्यासाठी ती कुमारिकांच्या रक्तानं न्हायची, ही जगप्रसिद्ध गोष्ट? ती पहिल्यांदा छापली गेली १७२९ मध्ये, म्हणजे ती मेल्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, एका जेझुइट धर्मगुरूच्या ग्रंथात. चौकशीच्या जबान्यांत मारहाण, उपासमार, छळ आहे, तो पुरेसा भयंकर आहे. रक्ताची न्हाणी नाही. पण छळ करणारे सरदार त्या काळी जागोजागी होते, तेव्हा बाईसाठी काहीतरी खास हवं होतं, आणि रूपाचा हव्यास ही बाईची खास गोष्ट ठरलेलीच होती.

आपल्याकडे एवढं लांब जायचं कारण नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून रघुनाथरावाला दोषी ठरवलं. मारेकरी सुमेरसिंग गारदी आणि त्याची माणसं. आता मराठी शाळेतल्या कुठल्याही मुलाला विचारा, हा खून कोणी केला? उत्तर येतं आनंदीबाई. तिनं कागदावर एक अक्षर फिरवलं, ही कथा अभ्यासकांनी दंतकथा म्हणून बाजूला ठेवली तरी ती म्हण होऊन भाषेत राहिली आहे. रघुनाथरावाचं काय? तो अटकेपार गेलेला राघोभरारी. खुनाचा ठपका त्याच्यावर आहेच, पण त्याच्या नावाला चिकटला तो पराक्रम. तिच्या नावाला फक्त ते अक्षर.

पूतना तर आपण घरात आणून ठेवली आहे. खोटी माया दाखवणाऱ्याला ‘पूतनामावशी’ म्हणताना आपण क्षणभरही थांबत नाही. दूध पाजायला आलेली, सुंदर रूप घेतलेली, थानाला विष लावलेली. विषकन्या त्याच घरातली. पुढे येणाऱ्या प्रत्येक खऱ्या बाईला बसवायला हा साचा तयार असतो: वरून माया, आतून जहर. विज्ञानाचा आव आणून हेच युरोपात सांगितलं गेलं. इटलीतला गुन्हेशास्त्रज्ञ चेझारे लोंब्रोझो यानं १८९३ मध्ये पुढे जावई झालेल्या गुलिएल्मो फेरेरोच्या जोडीनं स्त्री-गुन्हेगारांवर ग्रंथ लिहिला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सुसंस्कृत माणसांत गुन्हेगार हा अपवाद आणि गुन्हेगारांत स्त्री हा अपवाद; तेव्हा गुन्हेगार स्त्री दुहेरी अपवाद, म्हणजे राक्षसीण. गणित म्हणून हे हास्यास्पद आहे. दुर्मिळ असणं आणि भयंकर असणं यांचा काही संबंध नाही. नाहीतर जुळी-तिळी होणाऱ्या बायकांनाही आपण घाबरलो असतो. पण हा विचार मेला नाही. वृत्तवाहिनीचा निवेदक जेव्हा ‘एक औरत होकर’ असं म्हणून दोन सेकंद थांबतो, तेव्हा त्याच्या मागे लोंब्रोझो उभा असतो.

मग प्रत्यक्षात अशा बायका असतात कशा? अमेरिकेत मारिसा हॅरिसन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सहकाऱ्यांसह २०१५ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. १८२१ पासून २००८ पर्यंतच्या ६४ स्त्रिया त्यांनी तपासल्या. त्यांतून दिसलं ते फार नाट्यमय नाही. बहुतेकींनी ओळखीची माणसं मारली: नवरे, मुलं, सासूसासरे, ताब्यातले रुग्ण, म्हातारी माणसं. सर्वांत जास्त वापरलं गेलं ते विष. सर्वांत जास्त आढळलेलं कारण पैसा. आणि जवळपास चाळीस टक्के जणी परिचारिका किंवा शुश्रूषेच्या कुठल्यातरी कामात होत्या. वेड, वासना, सूड हे शब्द मथळ्यांत शोभतात. यादीत वरच्या ओळीला विमा आणि वारसा आहे.

इंग्लंडची मेरी ॲन कॉटन १८७३ मध्ये डरहॅमच्या तुरुंगात फासावर गेली. आर्सेनिक, पोटाचा आजार म्हणून खपलेले मृत्यू, मरणाऱ्यांवर उतरवलेले छोटे छोटे विमे. त्या काळी बालमृत्यू इतके सर्रास होते की एकाच घरात आणखी एक मूल जुलाबानं गेलं तर डॉक्टरलाही वेगळं वाटत नसे. हंगेरीतल्या नागिरेव्ह गावात पहिल्या महायुद्धापासून १९२९ पर्यंत नवरे आणि म्हाताऱ्या नातलगांना विष घालण्याचा प्रकार चालला. केंद्रस्थानी गावची सुईण होती आणि आर्सेनिक माशा मारण्याच्या कागदातून भिजवून काढलेलं होतं. गावात डॉक्टर नव्हता. दोन्हीकडे विषाइतकीच उपयोगी पडलेली गोष्ट म्हणजे आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्या बाईवरचा विश्वास.

बंगळुरूजवळच्या के. डी. केम्पम्मानं देवळं निवडली. अडचणीत सापडलेल्या, अंगावर दागिने असलेल्या बायकांशी देवळात ओळख वाढवायची, दुःख दूर होईल अशी खास पूजा सांगायची, सगळे दागिने घालून दूरच्या क्षेत्री बोलवायचं आणि तीर्थ म्हणून सायनाइड पाजायचं. ३१ डिसेंबर २००७ रोजी ती पकडली गेली. सहा बायकांचे जीव गेले होते. सायनाइड सोनारकामात वापरलं जातं, तिथून ते तिच्या हाती आलं. इथे आडोसा भाविकपणाचा. ‘सायनाइड मल्लिका’ हे नाव बातमीदारांनी दिलं आणि ते सिनेमाच्या शीर्षकासारखं चिकटलं. २०१७ मध्ये तमिळनाडूच्या राजकीय नेत्या शशिकला बंगळुरूच्या तुरुंगात, म्हणजे ती होती तिथेच, आल्या, तेव्हा केम्पम्मा पुन्हा बातमीत आली, का तर ती म्हणे त्यांची शेजारीण. पुढे तिला बेळगावच्या हिंडलग्याला हलवलं. मेलेल्या सहा बायकांबद्दल त्या बातम्यांत फारसं काही नव्हतं.

टोपणनावांचा हा खेळ जरा बारकाईनं पाहण्यासारखा आहे. पुरुषाला नाव पडतं ते त्यानं काय केलं यावरून: चिरफाड करणारा जॅक, पथ्थर मार. बाईला पडतं ते ती कोण यावरून: काळी विधवा, मृत्यूची परी, ‘जॉली जेन’. साताऱ्यातल्या वाईचा डॉक्टर आठवा. ऑगस्ट २०१६ मध्ये संतोष पोळ याला अटक झाली. २००३ पासून सहा जणांचे खून केल्याचा, आणि धोमजवळच्या शेतघराच्या आवारात प्रेतं पुरल्याचा त्याच्यावर आरोप ठेवण्यात आला. मरणाऱ्यांत बहुतेक बायका होत्या. विष म्हणाल तर भूल देताना वापरायच्या इंजेक्शनचं. म्हणजे ओळखीची माणसं, औषध, विश्वास, पैसा. हॅरिसनबाईंच्या यादीत हे चित्र अलगद बसावं, फक्त आरोपी पुरुष आहे. इंग्लंडच्या डॉक्टर हॅरॉल्ड शिपमननं तर डायमॉर्फिन टोचून किमान २१५ रुग्ण मारल्याचा निष्कर्ष सरकारी चौकशीनं २००२ मध्ये काढला. तरी ‘विष हे बायकांचं हत्यार’ हे वाक्य काही मरत नाही.

वाईच्या प्रकरणावर बेतलेली म्हणून २०२० मध्ये झी मराठीवर ‘देवमाणूस’ ही मालिका सुरू झाली. ती इतकी चालली की पुढचे भाग काढावे लागले. खोटा डॉक्टर देखणा होता, हजरजबाबी होता, लोक त्याच्या संवादांवर खूश होते. खलनायकाची अशी लोकप्रियता नवी नाही आणि त्यात अभिनयाचं श्रेयही आहेच. पण गावित बहिणींवर अशी मालिका, दोन वर्षं, रात्री जेवताना, कल्पना करून पाहा. जमणार नाही. पुरुष खुनी रंजक होऊ शकतो. बाई एकतर किळसवाणी व्हायला हवी नाहीतर दयनीय.

पुन्हा आपल्या मुलखात येतो. सप्टेंबर २०२४ मध्ये, ऐन गणेशोत्सवात, कर्जत तालुक्यात नेरळजवळ एकाच घरातल्या तिघांचे खून झाले. नवरा, गरोदर बायको, लहान मुलगा. पोलिसांनी आरोपी केलं ते नात्यातल्याच पुरुषाला, कारण सांगितलं घराच्या हिश्श्याचा वाद. बातमी मोठी झाली, लोक हळहळले. पण ‘पुरुष असून’ असं कोणी म्हणालं नाही. जमिनीचे भाव चढलेल्या या पट्ट्यात सातबाऱ्यावरून भाऊबंदकी होणं आपल्याला इतकं परिचित आहे की खुनालाही ते कारण म्हणून चालून जातं. महडच्या आरोपीचं कारण, म्हणजे अपमान, तेवढंच परिचित होतं. पण एका खुनाच्या मागे व्यवहार दिसला आणि दुसऱ्याच्या मागे बाईचं मन. मोठ्या कुटुंबात जेवणाच्या पंगतीत सुनेला काय काय ऐकावं लागतं, हा प्रश्न महडनंतर काही दिवस चर्चेत आला आणि गेला. शेतीचं विष दुकानातून किती सहज घरात येतं आणि डाळ-तांदळाच्याच फळीवर कसं राहतं, हा तर आलाही नाही.

शेजारच्या पेण तालुक्यातल्या गागोदे खुर्दची गोष्ट अशीच. मे २०१२ मध्ये तिथल्या रानात एक जळालेला मृतदेह सापडला. नमुने घेतले गेले, ते मुंबईला गेले आणि तीन वर्षं गुन्हाच नोंदवला गेला नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये इंद्राणी मुखर्जी यांना मुलगी शीना बोरा हिच्या हत्येच्या आरोपाखाली अटक झाली, तेव्हा देशाला कळलं की हा तोच मृतदेह. आरोप त्या नाकारतात. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये त्यांना जामीन दिला. त्या पावसाळ्यात वाहिन्यांच्या गाड्या गागोद्याच्या रस्त्यावर उभ्या होत्या. स्टुडिओत मात्र चर्चा चालली होती ती त्यांच्या लग्नांची, कपड्यांची, महत्त्वाकांक्षेची. मुलीला बहीण म्हणून सांगणारी आई, एवढं वाक्य सापडलं की पुढचे सगळे कार्यक्रम आपोआप तयार होत होते. जळालेला मृतदेह सापडूनही गुन्हा का नोंदवला नाही, ही रायगडातल्या माणसाच्या कामाची बातमी होती. तिला दुपारची वेळ मिळाली.

गावित बहिणींकडे परत जायला हवं, कारण त्यांच्या गोष्टीचा शेवट लोकांना बहुधा चुकीचा माहीत आहे. कोल्हापूरच्या सत्र न्यायालयानं जून २००१ मध्ये दोघींना फाशी सुनावली. उच्च न्यायालयानं २००४ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयानं ३१ ऑगस्ट २००६ रोजी ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात एक विधान आहे: त्या स्त्रिया आहेत, याखेरीज शिक्षा सौम्य करावी असं काहीही त्यांच्या बाजूनं आढळत नाही. बारकाईनं वाचलं तर यात स्त्री असणं ही सवलतीची बाब म्हणून मोजली आहे आणि मग अपुरी ठरवली आहे. न्यायालय वाहिन्यांसारखं ‘बाई असून’ म्हणालं नाही, उलट दिशेनं गेलं. पण तराजूत ते वजन टाकलं खरं.

त्यानंतर ‘स्वतंत्र भारतात फाशी जाणाऱ्या पहिल्या स्त्रिया’ हा मथळा वर्षानुवर्षं फिरला. तो फार तपासून दिलेला नव्हता. १९५५ मध्ये दिल्लीत रत्तनबाई जैन या स्त्रीला, तीन मुलींच्या खुनासाठी, फाशी दिल्याची नोंद आहे. २०२१ मध्ये उत्तर प्रदेशातल्या शबनमच्या फाशीची चर्चा निघाली, तेव्हा तोच मथळा जसाच्या तसा तिला लावला गेला. पहिली बाई, पहिली बाई. या उत्सुकतेत काहीतरी विकृत आहे, असं मला वाटतं. विक्रमाची वाट पाहावी तशी लोक वाट पाहत होते.

राष्ट्रपतींनी २०१४ मध्ये दयेचा अर्ज फेटाळला. पण त्या आधीच्या वर्षांत फायली इतक्या सावकाश हलल्या की १८ जानेवारी २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. नितीन जामदार आणि न्या. सारंग कोतवाल यांच्या खंडपीठानं फाशी रद्द करून जन्मठेप दिली. दिरंगाई सात वर्षं, दहा महिने, पंधरा दिवसांची होती आणि तिचा ठपका न्यायालयानं सरकारी यंत्रणेवर ठेवला. सुटकेची मागणी मात्र मान्य केली नाही. गुन्हा किती क्रूर होता हे निकालात स्वच्छ लिहिलं आहे. दोघी तोवर पंचवीस वर्षं कैदेत होत्या. अनेक वाचकांनी याचा अर्थ ‘बायका म्हणून सोडलं’ असा लावला. निकालात तसं नाही. पुरुष कैद्यांच्या फाशीही याच दिरंगाईच्या कारणानं रद्द झालेल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये एकाच निकालात पंधरा जणांची फाशी अशीच जन्मठेपेत बदलली होती.

ज्या बदलामुळे अशी टोळी कदाचित पहिल्या वर्षीच अडकली असती, तो यांतल्या कुठल्याच निकालातून आला नाही. १० मे २०१३ रोजी ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं आदेश दिला: मूल हरवल्याची तक्रार आली की तिची गुन्हा म्हणूनच नोंद करायची आणि उलट सिद्ध होईपर्यंत ते अपहरण किंवा मानवी व्यापार आहे असं धरूनच तपास करायचा. तोवर बहुतेक ठिकाणी हरवलेल्या मुलाची डायरीत एक ओळ होई. आता नोंद ठाण्याबाहेर जाते, इतर जिल्ह्यांना दिसते, संकेतस्थळावर चढते. कोल्हापूरचं मूल नाशिकला सापडलं तर दोन कागद एकमेकांना भेटण्याची शक्यता तरी असते. गावित प्रकरणावरचे जे कार्यक्रम मी पाहिले, त्यांतल्या एकातही या आदेशाचा उल्लेख नव्हता. आणि आदेशातही एक अट आहेच: तक्रार आली की. १९९० मध्ये कोल्हापुरातल्या त्या भिकारणीनं पोलीस चौकीची पायरी चढायची, आणि आतल्या हवालदारानं तिला बसवून घेऊन मुलाचं वय, कपडे, खुणा लिहून घ्यायच्या, हे काम आजही कुठल्या आदेशानं आपोआप होत नाही.